स्क्रीनवरचे किलोमीटर सोडा, युनिट मोजा: बेळगावातनं घाट उतरून परत येणाऱ्या ईव्हीवाल्यांसाठी

पहिलं काम हे करा, इलेक्ट्रिक गाडीच्या स्क्रीनवर "अजून इतके किलोमीटर जाईल" म्हणून जो आकडा दाखवतंय ना, त्याच्यावर कागद चिकटवा. मी खरंच चिकटवलेला. पोरीच्या वहीवरचं लेबल होतं, दोन महिने तसंच होतं, सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा तिथला पोरगा हसत काढाय लागला तर म्हटलं राहू दे बाबा, कामाचं हाय.

त्याचं कारण असं की तो आकडा म्हणजे गाडीनं मागचे थोडे किलोमीटर कसे काढले ते बघून मारलेला अंदाज असतोय. मागं उतार होता तर ती खूष, आकडा वाढतोय. मागं चढ होता तर रडतीया. पुढं काय हाय ते माझ्या गाडीला तरी कळत नाही. सपाट मुलखात हे चालून जातंय पण आपलं बेळगाव पठारावर बसलेलं, समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर उंच, आणि आपल्याला तर उठसूट गोवा, सावंतवाडी, कोकणातली देवळं. म्हणजे जाताना उतार आणि येताना चढ, नेमकं उलटं पाहिजे होतं.

माझं काय झालं ते सांगतो म्हणजे पुढचा हिशोब डोक्यात बसेल. गाडी ३० युनिटच्या बॅटरीची, सेकंडहँड घेतलेली, कागदावर रेंज तीनशेच्या वर. जुलै महिना, पणजीला मेव्हण्याकडं कार्यक्रम, चोर्ला घाटामार्गे साधारण सव्वाशे किलोमीटर. घरातनं शंभर टक्के करून निघालो. वाटेतल्या जांबोटीत बघितलं तर १९८ किलोमीटर शिल्लक, आणि घाट उतरून गोव्यातल्या केरीत आलो तर २२०! मधे पन्नासएक किलोमीटर पळालो आणि आकडा कमी व्हायचा तो वाढला, मी बायकोला फुशारकीनं दाखवला पण. पणजीत पोचलो तेव्हा बॅटरी ५२ टक्के. मेव्हण्याच्या घरी तास-सव्वातास पंधरा अँपिअरच्या प्लगला लावली, ६३ टक्के झाली, स्क्रीन म्हणतंय १६५. मेव्हणा म्हणाला, "दाजी, घर सव्वाशेवर हाय, चाळीस उरतंय, बस की मग." मलाही वाटलं बस. मागं डिकीत नारळाचं पोतं, चौघंजण, पाऊस असला की वायपर पुरेना.

घाट चढून वर आलो तेव्हा २२ टक्के. जांबोटीला ७. स्क्रीनवर पिवळं कासव आलं आणि गाडी खरोखरच कासव झाली, पाय दाबला तरी पिकअप नाही, मागनं टेम्पोवाला हॉर्न मारून मारून ओव्हरटेक करून गेला. घर अजून २८ किलोमीटर. एका दुकानदारानं बिचाऱ्यानं प्लग दिला पण चार्जरची लाल लाईट लागली, अर्थिंग नव्हतं. शेवटी एका पिठाच्या गिरणीत काम झालं, तिथं मोटरसाठी अर्थिंग पक्कं केलेलं होतं. पण करंटच गेलेला. तीन तास गिरणीच्या पायरीवर बसून काढले आणि मग करंट आल्यावर अजून दोन तास चार्जिंग. बायको त्या दिवशी काय काय बोलली ते इथं लिहीत नाही.

हिशोब कसा करायचा

आपल्याला लाईटबिलामुळं युनिट माहीत हाय. गाडीच्या बॅटरीचा आकडा जो किलोवॅट अवर म्हणून सांगतात तो म्हणजेच युनिट, वेगळं काही नाही. तर किलोमीटर डोक्यातनं काढा आणि विचार असा करा की माझ्याकडं ३० युनिटची टाकी हाय. एक टक्का म्हणजे ०.३ युनिट. तुमची २४ ची असली तर ०.२४, ४० ची असली तर ०.४. एवढा एक गुणाकार पाठ करा.

आता एक वही घ्या, साधी, डॅशबोर्डच्या कप्प्यात मावेल अशी. प्रत्येक मोठ्या फेरीला लिहायचं: कुठनं कुठं, निघताना किती टक्के, पोचताना किती टक्के, किलोमीटर किती, साधारण वेग किती, पाऊस होता का, एसी होता का, माणसं किती. टक्क्यांचा फरक गुणिले ०.३ म्हणजे खर्च झालेले युनिट, आणि किलोमीटर भागिले युनिट म्हणजे तुमचं अ‍ॅव्हरेज. पेट्रोलवाले लिटरला किती म्हणतात तसं आपण युनिटला किती. दहा-पंधरा फेऱ्या झाल्या की तुमचे स्वतःचे आकडे तयार होतात आणि ते कंपनीच्या आकड्यापेक्षा, यूट्यूबवाल्याच्या आकड्यापेक्षा, माझ्या आकड्यापेक्षा पण खरे.

माझे सांगतो, नुसता नमुना म्हणून. गावात, म्हणजे टिळकवाडी ते उद्यमबाग, शहापूर, खडेबाजार असं फिरून युनिटला ८ च्या वर. हायवेला ८० नं गेलो तर साडेसात. १०० नं गेलो तर ५.७, म्हणजे सरळ मार खातंय. पावसात खानापूर-जांबोटीकडच्या ओल्या रस्त्यावर साडेसहा.

कागदावर मात्र तीनशेच्या वर म्हणजे युनिटला दहा. ती कंपनी खोटं बोलतीया असं नाही. ती रेंज एआरएआय (गाड्या तपासणारी पुण्याची संस्था) वगैरे ठिकाणी गाडी रोलरवर उभी करून काढतात, वेगाचा ठरलेला तक्ता असतोय, त्यातला बराचसा भाग सावकाश शहरातल्यासारखा, जास्तीत जास्त वेग ९० आणि तोही जरा वेळ, एसी बंद, वारा नाही, चढ नाही, नारळाचं पोतं नाही. त्या हिशोबाचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला, प्रवास ठरवायला नाही.

घाटाचा हिशोब

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरला तरी चालेल.

वर चढताना गाडी आपलं आणि स्वतःचं वजन उचलतीया, मोटर लावून विहिरीतनं पाणी उपसल्यासारखं. गाडी १४०० किलो, माणसं-सामान ३०० किलो धरा, १७०० किलो. ते ७५० मीटर वर उचलायचं तर १७०० गुणिले ९.८ गुणिले ७५० आणि त्याला ३६ लाखानं भागायचं, साडेतीन युनिट येतात. मोटर आणि बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जे वाया जातंय ते धरून चार. म्हणजे सोपा नियम: दर १०० मीटर चढाला अर्धा युनिट जादा. हे रस्त्याच्या नेहमीच्या खर्चाच्या वर हं, त्यातलं नाही.

उतरताना पाय उचलला की मोटर उलटी जनरेटरसारखी चालतीया, चाकं तिला फिरवतात आणि करंट बॅटरीत परत जातोय, त्याला रीजन म्हणतात. पण गेलेलं सगळं परत येत नाही, साठ-पासष्ट टक्के आलं तरी खूष व्हायचं. म्हणून दर १०० मीटर उताराला ०.३ युनिट परत धरा.

आता माझी पणजीची फेरी मांडून बघा. सव्वाशे किलोमीटर भागिले साडेसात, साधारण १६.७ युनिट. जाताना उतारानं सव्वादोन परत दिले, खर्च साडेचौदा, म्हणूनच ५२ टक्क्यावर पोचलो. येताना १६.७ अधिक ४, झाले जवळजवळ २१, आणि पावसाचं वेगळंच. माझ्याकडं होते १९. घरी पोचणारच नव्हतो, निघतानाच ठरलेलं होतं, फक्त मी गणित केलं नव्हतं.

सावंतवाडीचं करून बघू. आंबोलीमार्गे शंभरेक किलोमीटर, आंबोलीपासनं खाली सहाशेएक मीटर. जाताना १३.३ वजा १.८, साडेअकरा. येताना १३.३ अधिक ३, सव्वासोळा. दोन्ही मिळून अठ्ठावीसच्या जवळ, टाकी ३० ची. कागदावर जमतंय पण असं कधी निघू नका. माझा नियम असा की घरी पोचताना १५ टक्के शिल्लक पाहिजेत, म्हणजे साडेचार युनिट. तर खाली कुठंतरी निदान ३ युनिट भरायचे, पंधरा अँपिअरच्या प्लगला साधारण तासभर. पावसात निघालात तर साडेसहा भरा, म्हणजे सव्वादोन-अडीच तास. मासे खाऊन एक झोप काढली की झालं. एवढंच प्लॅनिंग, पण ते जाताना करायचं, येताना नव्हे.

रीजनबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बॅटरी शंभर टक्के असली की तिच्यात जागाच नसतीया, मग रीजन होत नाही किंवा नाममात्र होतंय. बेळगावातनं निघताना अडचण येत नाही कारण घाट लागेपर्यंत पन्नास किलोमीटर होतात आणि बरीच जागा झालेली असतीया. पण आंबोलीत किंवा चोर्लाकडं एखाद्या रिसॉर्टला मुक्काम केलात, रात्रभर गाडी लावून सकाळी शंभर करून घाट उतराय लागलात, तर रोज पाय उचलला की आपोआप हळू होणारी गाडी त्या दिवशी हळू होणार नाही. नुसत्या ब्रेकवर यावं लागेल, आणि इलेक्ट्रिक गाडी जड असतीया. वर मुक्काम असला तर ८५ ला चार्जिंग बंद करा.

कोल्हापूर सोपं आहे, ११० किलोमीटर, मोठा हायवे, कोल्हापूर आपल्यापेक्षा दोनशेएक मीटर खाली. म्हणजे येताना एक युनिट जादा धरायचा आणि विषय संपवायचा. तिथं घाट मारत नाही, वेग मारतोय.

वेग, वारा आणि पिकअप

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतोय. ८० चे १०० केले तर वेग सव्वापट झाला पण हवेचा रेटा दीडपटीच्या वर गेला. पेट्रोल गाडीत हे जाणवत नाही कारण इंजिन मुळातच तीन चतुर्थांश पेट्रोल उष्णतेत घालवतंय, त्यात थोडं इकडंतिकडं कळत नाही. इलेक्ट्रिक गाडी काटकसरी, म्हणून तिच्यात प्रत्येक उधळपट्टी दिसते.

कोल्हापूरचाच हिशोब: ८० नं गेलो तर १४.७ युनिट आणि तास-वीस मिनिटं. १०० नं गेलो तर १९.३ युनिट, आणि वाचली किती, सोळा मिनिटं. ते जादा साडेचार युनिट भरायला पंचवीस-तीस किलोवॅटच्या फास्ट चार्जरला दहा-बारा मिनिटं आणि तिथं आधीच कोणतरी लावून चहाला गेलेला असला तर देव जाणे. काकतीच्या पुढं रस्ता मोकळा दिसला की माझाही पाय खाज सुटल्यासारखा करतोय, खोटं कशाला बोलू, पण परतीला नव्वदच्या वर जायचं नाही हे घरात ठरलेलं हाय.

पावसाळ्यात आपल्याकडं पश्चिमेचं वारं जोरात असतंय. हुबळीला जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. तोच रस्ता, तोच वेग, तरी येताना अ‍ॅव्हरेज पडतंय, गाडी बिघडली म्हणून शोरूमला पळू नका. टपावर कॅरियर लावून बॅगा टाकल्या तर वर्षभर तोंडावर वारं घेतल्यासारखंच. टायरची हवा महिन्यातनं एकदा बघा, एवढं सोपं आणि फुकटातलं दुसरं काही नाही.

एसीबद्दल लोक उगाच घाबरतात. गारवा एकदा झाला की तो तासाला साधारण एक युनिट खातोय, वेग कितीही असो. हायवेला तासात ८० किलोमीटर होतात तिथं कळत पण नाही. गावात गणपतीच्या गर्दीत तासात दहा किलोमीटर सरकलात तर मात्र तो एक युनिट जड जातोय. आपल्याकडं हवा बरी असते म्हणून काच खाली करा, पण उन्हाळ्यात माणसं शिजवून युनिट वाचवू नका.

पिकअप. हा ह्या गाड्यांचा खरा मजा देणारा भाग, सिग्नलला उभं राहून सुटलं की मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकद देतीया, गिअर नाही, थांबणं नाही. पण ही ताकद कायमची नसते. बॅटरीतनं दुप्पट करंट ओढला की आतली उष्णता चौपट होतीया, पंपाला बारीक वायर जोडली की ती कशी तापतीया तसंच. म्हणून चार-पाच वेळा पाठोपाठ पाय खाली दाबला, नाहीतर घाटात स्पोर्ट मोडवर ओव्हरटेक करत गेलात, तर बॅटरी तापून कंट्रोलर स्वतःच ताकद कमी करतोय. तसंच खाली आलेल्या बॅटरीचं. दहा टक्क्याच्या आत व्होल्टेज लोडवर पटकन पडतंय म्हणून गाडी ताकद आवळतीया, ते कासव म्हणजे बिघाड नव्हे, सेल वाचवायची सोय हाय. आणि पॅकमधले सगळे सेल एकमेकांना जोडलेले, त्यामुळं सगळ्यात अशक्त सेल जिथं थांबला तिथं सगळा पॅक थांबला.

बॅटरी मोठी का घालत नाहीत

हे मला आमच्या गल्लीत दर आठवड्याला कोणतरी विचारतंय. ३५ लिटर पेट्रोलचं वजन साधारण २६ किलो. एका लिटरात जवळजवळ ९ युनिट उष्णता, म्हणजे टाकीत ३१५ युनिट, त्यातला पाव हिस्सा चाकाला मिळतोय असं धरलं तरी ८०. माझी ३० युनिटची बॅटरी सव्वादोनशे किलोच्या आसपास आणि चाकाला देणार २६-२७. म्हणजे पेट्रोल इंजिन एवढं उधळं असूनही वजनात पेट्रोल कितीतरी पुढं. बॅटरी दुप्पट केली की गाडी दोनशे किलोनं जड, मग स्प्रिंग जाड, ब्रेक मोठे, टायर मोठे, किंमत तर विचारूच नका, आणि रोज गावात वीस किलोमीटर फिरताना ते ओझं उगाच वाहायचं. लिथियम आयन बॅटरी बाजारात १९९१ मध्ये आली आणि तेव्हापासून कितीतरी पट सुधारली, पण पेट्रोलच्या वजनाची बरोबरी तिला अजून जमलेली नाही. तुमचा रोजचा प्रवास मोजा आणि त्याला पुरेल एवढी बॅटरी घ्या. वर्षातनं दोन वेळा गोव्याला जायचं म्हणून मोठी घेणं म्हणजे लग्नाला लागणारं पातेलं रोज चुलीवर ठेवण्यासारखं, असं आपलं माझं मत.

चार्जिंग

घरचं संथ चार्जिंग सगळ्यात चांगलं. पंधरा-सोळा अँपिअरच्या प्लगला तासाला पावणेतीन-तीन युनिट पडतात, रात्रीत काम झालं. सात किलोवॅटचा चार्जिंगचा बॉक्स बसवायचा असला तर आधी हेस्कॉमच्या लाईटबिलावर तुमचा मंजूर लोड किती हाय ते बघा, दोन-तीन किलोवॅटच्या जोडणीवर तो बॉक्स आणि गिझर एकदम चालणार नाही. लोड वाढवून घ्या, मग बॉक्स.

अर्थिंग हा आपल्या भागातला मोठा घोळ. शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत आणि खेड्यातनं तिसऱ्या पिनला वायरच नसतीया, नाहीतर वायर असते पण ती कुठं जाते ते कुणालाच माहीत नाही. फ्रिज-टीव्ही चालतात म्हणून कळत नाही, गाडीचा चार्जर मात्र तपासून बघतोय आणि लाल लाईट दाखवून बसतोय. वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या, ते दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये अधूनमधून बादलीभर पाणी ओता, माती कोरडी पडली की अर्थिंग कामातनं जातंय. अर्थिंगची पिन फसवायची जी जुगाडं लोक सांगतात ती करू नका, गाडीच्या पत्र्यात करंट उतरला तर पोरं हात लावतात. पातळ एक्स्टेन्शनला पण लावू नका, सहा-सात तास सतत तेरा-चौदा अँपिअर म्हणजे इस्त्री नव्हे दोन मिनिटांची, बोर्ड वितळतोय. अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा, चटका बसला तर बंद.

मीटरवर युनिट जास्त पडतील, ३० युनिटची बॅटरी शून्यातनं भरली तर ३३-३४. बाकीचे उष्णतेत गेले. पैशाचा हिशोब मीटरवरच्या युनिटनं करा.

फास्ट चार्जरला ८० टक्क्यानंतर वेग का पडतो? भाताचं पोतं भरताना बघा, पहिली चार-पाच बुट्ट्या धबाधब ओततो, पण वरचं शेवटचं भरायला पोतं आपटून आपटून, हलवून हलवून भरावं लागतंय, घाई केली की सांडतंय. सेलमध्ये लिथियमला बसायला जागा शोधावी लागतीया, जागा कमी उरली आणि आपण जबरदस्ती केली तर ते आत जायच्या ऐवजी वरच धातू होऊन साचतंय आणि बॅटरी कायमची खराब करतंय. म्हणून गाडी स्वतः करंट कमी करतीया. तर हायवेला १० ते ८० करायचं आणि सुटायचं, ८० ते १०० साठी तिथं बसणं म्हणजे स्वतःचा पण वेळ आणि मागं उभारलेल्याचा पण.

रोज किती टक्के ठेवायचं ते बॅटरीच्या जातीवर. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची असली, आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत तीच हाय, तर आठवड्या-दोन आठवड्यातनं एकदा शंभर करा. ह्या जातीचं व्होल्टेज मधे सपाट असतंय, सत्तर टक्के आणि चाळीस टक्के यात फरक ओळखणं गाडीला अवघड जातंय, शंभरला नेलं की तिचा हिशोब पुन्हा जुळतोय. नाहीतर एकदम १८ चे ९ झालेले बघून पोटात गोळा येतोय. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) जातीची असली तर रोज ८० पुरे, शंभर फक्त लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री. कुठली ते गाडीच्या पुस्तकात असतंय, ते पुस्तक प्लास्टिकमधनं बाहेर काढा.

दोन्ही जातींना उष्णता आणि भरलेलं पोट एकत्र चालत नाही. मे महिन्यात शंभर टक्के करून उन्हात चार दिवस लावून लग्नाला गेलात तर बॅटरी बसल्या जागी म्हातारी होतीया. लांब जाणार तर पन्नासच्या आसपास ठेवा, सावलीत ठेवा. आणि ती छोटी बारा व्होल्टची बॅटरी विसरू नका, ती मेली तर मोठी भरलेली असून गाडीचं दार पण नीट उघडत नाही.

बॅटरीची तब्येत घरच्या घरी

इलेक्ट्रिकच्या दुकानात छोटा सबमीटर मिळतोय, तो चार्जिंगच्या पॉइंटला लावून घ्या. गाडी १० टक्क्यापर्यंत येऊ द्या, मग एका दमात शंभरपर्यंत चार्ज करा आणि सबमीटरवर किती युनिट गेले ते लिहा. माझे गेल्या वेळी २९ गेले. त्याला ०.८८ नं गुणा, चार्जिंगमधलं नुकसान वजा झालं, साडेपंचवीस. हे ९० टक्क्याचे, म्हणून ०.९ नं भागा, २८.३. नवीन होती तेव्हा ३०, म्हणजे ९४ टक्के तब्येत. अगदी डॉक्टरी रिपोर्ट नव्हे, दोन-चार टक्के इकडंतिकडं होणार, पण दर सहा महिन्यांनी त्याच पद्धतीनं, साधारण त्याच हवेत केलं तर उतार कळतोय. पुष्कळ गाड्यांना बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते, पण किती टक्क्याच्या खाली गेली तर बदलून देणार ते बारीक अक्षरात वाचा. सेकंडहँड घेताना हीच परीक्षा मालकाला करायला सांगा, नाही म्हणाला तर किंमत तशी लावा.

डिकीत माझ्याकडं आता असतंय ते असं: गाडीचा स्वतःचा चार्जर, चार स्क्वेअर एमएमच्या वायरचं दहा मीटरचं एक्स्टेन्शन, सोळा अँपिअरचा औद्योगिक प्लग बदलून लावायची पिन, टेस्टर आणि ती वही. वहीच्या शेवटच्या पानावर रस्त्यातल्या अर्थिंग चांगलं असलेल्या जागा लिहिल्यात, गिरण्या, वेल्डिंगची दुकानं, रसाची गुऱ्हाळं, जिथं मोटर चालते तिथं अर्थिंग बहुधा बघून घेतलेलं असतंय. पहिल्या ओळीत जांबोटीची गिरण. त्या काकांनी पैसे घेतले नव्हते म्हणून पुढच्या खेपेला कुंद्याचा डबा घेऊन गेलो, तर डबा हातात घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "आज किती टक्के हाय?" म्हटलं ५८, सतरा युनिट, घरापर्यंत चार लागतील. "मग चहा तरी घ्या," म्हणाले.